रोबी हाउस बघायला गेलात तर आधी विटांच्या दर्जा (सांधे) बघा

शिकागोला जाणारी आपली मंडळी ‘बीन’ या चकचकीत शिल्पासमोर सेल्फी काढतात, विलिस टॉवरवर जातात आणि परत येतात. अर्धा दिवस हाताशी असेल तर मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक ही लोकल गाडी पकडा, ५९थ स्ट्रीटला उतरा आणि शिकागो युनिव्हर्सिटीच्या दिशेने चालत सुटा. वुडलॉन अव्हेन्यू आणि ५८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन आर्किटेक्टचं रोबी हाउस आहे, १९०९-१०मध्ये बांधलेलं. आतली टूर तिकीट काढूनच होते आणि दिवस-वेळा बदलत असतात, म्हणून आधी ऑनलाइन बुक करा. पण टूरच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी पोचा, कारण निम्मं घर बाहेरूनच बघायचं असतं आणि टूरमध्ये तेवढा वेळ मिळत नाही.

पहिल्यांदा रस्ता ओलांडून पलीकडे बिझनेस स्कूलच्या बाजूला उभे राहा. तिथून घर लांबच लांब, जमिनीला चिकटून पसरलेलं दिसतं. तीन मजले आहेत म्हणून सांगितलं तरी पटत नाही. हे कसं साधलंय ते बघायला आता परत अलीकडे या आणि अगदी भिंतीजवळ जा.

वीट बघा. आपली नेहमीची नऊ-चार-तीनची नाही, रोमन वीट म्हणतात ती, साधारण साडेअकरा इंच लांब आणि जाडी जेमतेम दीड-पावणेदोन इंच. आता दर्जा, म्हणजे विटांमधल्या मसाल्याने भरलेल्या फटी बघा, खरी गंमत तिथे आहे. आडव्या दर्जा फिकट क्रीम रंगाच्या आणि आत खोल कोरलेल्या, त्यामुळे त्यात सावली पडते आणि रेघ ठळक उठते. उभ्या दर्जा मात्र बारीक, विटेच्याच रंगाच्या मसाल्याने विटेच्या पातळीपर्यंत भरलेल्या, म्हणजे दोन हातांवरून बघितलं तर दोन विटांमधला सांधा सापडतच नाही आणि अख्खी भिंत आडव्या पट्ट्यांची वाटायला लागते. दोन रंगांचा मसाला कालवून असं काम करायचं म्हणजे गवंड्याचा किती जीव गेला असेल! आणि ही वीट फक्त दर्शनी आहे बरं का, आत साधी शिकागोची वीट आहे.

मग पश्चिमेच्या टोकाला जाऊन छपराखाली मान वर करून बघा. ते छप्पर शेवटच्या विटेच्या आधारापासून २० फुटांच्या आसपास पुढे आलंय, खाली खांब नाही. विटेच्या जिवावर हे होत नाही, आत पोलादी गर्डर लपवलेत. सगळं कौतुक विटेचं आणि भार पोलादावर, हे लक्षात ठेवून बघितलं की घर जास्त कळतं.

आता दरवाजा शोधा. सापडणार नाही लवकर, कारण तो रस्त्याकडे तोंड करून नाहीच, उत्तरेला मागच्या अंगाला आहे. मालक फ्रेडरिक रोबी, तिशीच्या आतला, घरचा सायकलींचा धंदा, गाड्यांचा शौक (तीन गाड्यांचं गॅरेज, १९१०मध्ये!). त्याला घरातून रस्ता दिसायला हवा होता पण रस्त्यावरच्यांना आपण दिसायला नको होतो. दारापासून ते कठड्यांपर्यंत सगळी रचना त्यासाठीच.

आत गेलात की खालच्या मजल्यावर जरा कोंदट वाटेल, बुटकं छत, कमी उजेड. वर गेलं की एकदम मोकळं होतं. बैठक आणि जेवणाची जागा एकच लांब खोली आहे, मध्ये फक्त शेकोटी. आज आपल्या प्रत्येक टू बीएचकेत लिव्हिंग-डायनिंग एकत्र असतं म्हणून त्याचं काही वाटत नाही, पण त्या काळात बैठक वेगळी, जेवणघर वेगळं, मध्ये भिंत आणि दार असाच रिवाज होता. काचकामाची दारं-खिडक्या मिळून १७४ तावदानं आहेत, ती मोजत बसू नका. दक्षिणेच्या दारांपाशी थांबा आणि बाहेरचा छज्जा बघा, उन्हाळ्यात डोक्यावरचं ऊन तो अडवतो आणि हिवाळ्यात खाली उतरलेलं ऊन आत येऊ देतो.

गाइड इतिहास सांगेलच, पण थोडं आधी माहीत असलेलं बरं. रोबीला हे घर दीड वर्षसुद्धा लाभलं नाही, वडिलांची देणी अंगावर आली, संसार मोडला, घर विकलं. १९२६मध्ये ते एका धर्मशिक्षण संस्थेकडे गेलं आणि त्यांनी ते पाडून नवी इमारत बांधायचा घाट एकदा नाही दोनदा घातला, १९४१ला आणि १९५७ला. दुसऱ्या वेळी ८९ वर्षांचा राइट स्वतः तिथे येऊन उभा राहिला. पुढच्याच वर्षी विल्यम झेकेनडॉर्फ या बिल्डरने ते विकत घेतलं (हो, बिल्डरने वाचवलं!) आणि १९६३मध्ये युनिव्हर्सिटीला देऊन टाकलं. २०१९पासून राइटच्या आणखी सात वास्तूंबरोबर ते युनेस्कोच्या यादीत आहे.

टूरचं तिकीट नाही मिळालं तरी जा, विटा, छप्पर आणि दर्जा फुटपाथवरून फुकट बघता येतात. दुपार टळल्यावर गेलात तर पश्चिमेचं ऊन तिरपं येतं आणि दर्जांमधली सावली फोटोत नीट उतरते.