पंपाच्या पॅनेलमध्ये दव: पलेव्याआधी पेटी उघडून बघा

सोयाबीन निघालं की इंदूर, सांवेर, देपालपूरकडे पावसाळाभर गप्प असलेल्या मोटारी पुन्हा चालू होतात. गव्हासाठी पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, द्यायचा असतो, बटाटा-लसणाची घाई असते, आणि नेमका तेव्हाच मोटार आपोआप लावणारा ऑटो स्विच दाद देत नाही. पॅनेलची पेटी उघडावी तर कॉन्टॅक्टरच्या (मोटारीचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) पट्ट्यांवर हिरवट बुरा आणि झाकणाला आतून थेंब. पेटी मात्र रबरी गॅस्केटची, ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेली.

हे थेंब बहुतेक वेळा पावसाचे नसतात. उन्हाने बंद पेटीतली हवा फुगते आणि गॅस्केटच्या, केबलच्या फटींतून बाहेर पडते. संध्याकाळी सर येऊन पेटी झटकन गार झाली की हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. झाकणाच्या कडेला पाणी साचलेलं असेल तर तेही. 25 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ मावते, 10 अंशांना साडेनऊच्या आसपास. माळव्यातल्या गार रात्री ही जास्तीची वाफ पत्र्यावर आणि सर्किटवर पाणी होऊन बसते. पेटीवरचा ‘आयपी 65’ धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापुरता असतो, वाफेची हमी त्यात नाही.

तेव्हा दिसेल ती फट एमसीलने बुजवत सुटू नका. मोठ्या पॅनेलला तळाशी, सर्वांत खालच्या जागी ब्रीदर-ड्रेन प्लग, म्हणजे हवा खेळती ठेवून साचलेलं पाणी खाली सोडणारं बूच, बसवा. तो मिळाला नाही तर 5 मिलिमीटरचं भोक आणि आतून स्टीलची बारीक जाळी. जाळी विसरलात तर मुंग्या येतील, मुंग्यांमागे पाल, आणि पाल नेमकी दोन फेजांवरच आडवी होते. केबल खालूनच घ्या, आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या म्हणजे ओघळ तिथेच गळून पडेल. केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणारा ग्लँड केबलच्या मापाचाच हवा.

बोअरकडून केबल आणणारा पाइप सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. जमिनीतली ओल त्यातून धुराड्यासारखी थेट पॅनेलमध्ये चढते. त्याचं तोंड सिलिकॉनने बंद करा, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं. दुकानदाराकडे ‘न्यूट्रल क्युअर’ असं म्हणूनच मागा.

सिलिका जेलच्या पुड्यांवर लोकांचा भारी विश्वास. ठिबकच्या कंट्रोलरची किंवा सेन्सरची लहान, खरोखर घट्ट डबी असेल तर पुडी ठेवा. भोक पाडलेल्या पॅनेलमध्ये ती ठेवणं म्हणजे पैसे वाया, कारण 100 ग्रॅम जेल फार तर 30 ग्रॅमच्या आसपास पाणी धरतं आणि थोड्याच दिवसांत भरून जातं. निळे दाणे गुलाबी झाले की काम संपलं. 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा निळे होतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको: निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं. पोरांच्या हाती आणि धान्याजवळही नको. केशरी दाणे मिळाले तर ते बरे.

पेटीवर सावली करा, जमल्यास उत्तरेच्या भिंतीला लावा. दिवसा पेटी जितकी कमी तापेल तितका हवेचा आत-बाहेर खेळ कमी. सर्किट बोर्डावर ओलीपासून वाचवणारा कोटिंगचा स्प्रे मारणार असाल तर रिले आणि कनेक्टर झाकून घ्या.

उघडण्याआधी मेन स्विच पाडा आणि कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरायला वेळ द्या. सौर पंप असेल तर डीसी आयसोलेटर, म्हणजे सौर प्लेटांकडून येणारा करंट तोडणारा स्विचही बंद करा. उन्हात प्लेटा करंट देतच राहतात, त्यामुळे प्लेटांकडची वायर तेव्हाही जिवंत असते. आत ओल दिसली तर लगेच मोटार लावून बघू नका. झाकण उघडं ठेवून उन्हात नीट सुकू द्या, बुरा ब्रशने काढा आणि वायरमनकडून मोटार-केबलला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या. मेगर लावताना ऑटो स्विच आणि कंट्रोलरच्या वायरी सोडवलेल्या हव्यात, नाहीतर तपासणीतच बोर्ड जळेल.