लेझीम स्टेजवर बसवताय? आधी आवाजाकडे बघा

लेझीम आणि कंटेम्पररी एकत्र करायचं म्हटलं की बरेच ग्रुप दोन मिनिटं लेझीम, मग दोन मिनिटं जमिनीवरच्या मूव्हमेंट्स, मग परत लेझीम असं बसवतात, आणि ते बघताना दोन वेगळे डान्स बघितल्यासारखं वाटतं. सांधा दिसतो. तो दिसू नये म्हणून काय करायचं ते सांगते.

पहिले काही आठवडे कोरिओग्राफी नकोच. हलगीवाल्याला बोलवा आणि सगळ्यांनी साधी लेझीम खेळा, चार आवाज, पवित्रा, बैठक असे लेझीमचे नेहमीचे प्रकार, दम लागेपर्यंत. क्लासमधून आलेली मुलं अंग वर उचलून नाचतात, लेझीम खेळणारा मात्र गुडघ्यात मोडलेला असतो, वजन खाली असतं आणि झोका कमरेतून येतो. हे अंगात उतरलं नाही तर हातात लेझीम नुसती प्रॉप म्हणून राहते.

मग एकच गोष्ट निवडा जी पूर्ण पीसभर ताणता येईल. मी आवाज निवडते, कारण लेझीमचा ताल खेळणाऱ्याच्या अंगातूनच निघतो. लेझीमची एखादी हालचाल एकदम स्लो करून बघा, तो एकसंध छन् असतो ना तो फुटतो, साखळी सैल पडताना वेगळी वाजते, चकत्या एकेक करून किणकिणतात, आणि तिथे तुम्हाला नवीन मटेरियल सापडतं जे बाहेरून आणावं लागत नाही. उलटंही करा, लेझीम खाली ठेवून तीच हालचाल रिकाम्या हातांनी, त्याच जोरात. प्रेक्षकांनी आधी आवाज ऐकलेला असेल तर शांततेतही तो त्यांच्या कानात वाजतो!

आमच्या एका प्रयोगात आम्ही रेकॉर्डेड ट्रॅक मोठ्याने लावला होता आणि वीस लेझमींचा आवाज त्यात बुडून गेला, फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून हलगी लाइव्हच, आणि वादक विंगेत लपवायचे नाहीत, स्टेजवर दिसले पाहिजेत.

आता रचना. मैदानात लोक चारी बाजूंनी बघतात, नाट्यगृहात एकाच बाजूने. म्हणून गोल मोडून सगळ्यांना प्रेक्षकांकडे तोंड करून उभं करायचा मोह होतो, पण पाठीसुद्धा बोलतात हो, गोल राहू द्या. नाहीतर रांग वापरा. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, त्यात ब्राह्मणांची रांगच भिंत होते, पडदा होते, मध्येच वळून प्रेक्षकांकडे पाठ करते. दशावतार आणि खेळे या कोकणातल्या लोकनाट्यांमधलं कितीतरी त्या नाटकाने घेतलं, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना होती, आणि लोककलेची आठवण करून द्यायला वेगळा 'लोकनृत्याचा तुकडा' घालावा लागला नाही. लेझीमची रांगही अशीच दार होऊ शकते, गर्दी होऊ शकते.

लाइट बाजूने द्या, गुडघ्याच्या उंचीपासून, वाकलेलं अंग आणि साखळीची चमक त्यातच दिसते, समोरून सगळं सपाट होतं. आणि ज्यांच्याकडून लेझीम शिकलात त्यांना रन-थ्रूला, म्हणजे सलग पूर्ण तालमीला, पहिल्या रांगेत बसवा, ते जिथे अस्वस्थ होतील तिथे थांबून कारण विचारा. प्रोग्रॅमच्या कागदावर त्यांचं नाव कोरिओग्राफरच्या शेजारी, त्याच आकारात छापा.