‘कऱ्हाडे’ यादीत आहेत, मग शोधात का सापडत नाहीत?

एका वाचनालयाच्या सभासदांची यादी मी सांभाळायचो. काउंटरवर ‘कऱ्हाडे’ टाइप केलं की उत्तर यायचं, ‘सभासद सापडला नाही’. यादी खाली सरकवली की नाव समोर! शेवटी तिथल्या मंडळींनी त्यांची नव्याने नोंद केली आणि एका माणसाची दोन खाती झाली. मराठी नावं साठवणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये हे घडू शकतं. दुरुस्ती अशी करा.

१. आधी चिन्हं मोजा

यादीतलं आणि शोधताना टाइप केलेलं, अशा दोन्ही नावांतली युनिकोड चिन्हं एकेक करून छापा. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत.) एका ‘कऱ्हाडे’ची लांबी 7 येईल: क, ऱ, हलंत, ह, काना, ड, मात्रा. दुसऱ्याची 8, कारण तिथे ‘ऱ’ऐवजी साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा, अक्षरं कशी जोडून दाखवायची ते सांगणारा झिरो विड्थ जॉइनर आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. फरक टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डचा. क्वचित र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशी जोडीही सापडते.

‘ॲ’चंही तेच. त्याला स्वतंत्र चिन्ह 2008 साली, युनिकोड 5.1 मध्ये मिळालं. आजही अनेक जण ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहितात, काही जण मध्ये जॉइनरही घालतात.

२. जॉइनर सरसकट पुसू नका

मोह होतोच. पण ‘र, हलंत, जॉइनर’मधला जॉइनर काढला की रफार होतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेला निरोप ‘आचार्यांना’ जातो. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि प्रोग्रॅमने ते वेगळेच ठेवले पाहिजेत. इथे तडजोड नको.

३. एकच फंक्शन लिहा, क्रम पाळा

आधी एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे युनिकोड जे प्रकार समान मानतं ते एका ठरावीक रूपात आणा. पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत ते तयार मिळतं; र आणि नुक्ता त्यातच एक होऊन ‘ऱ’ बनतात. बाकीचे प्रकार त्याने सुटत नाहीत, म्हणून पुढे ‘र, हलंत, जॉइनर’ दिसेल तिथे ‘ऱ, हलंत’ घाला. त्यानंतरच उरलेले जॉइनर काढा आणि सगळ्यात शेवटी ‘अ’ अधिक चंद्र याचा ‘ॲ’ करा. मधलं जॉइनर आधी निघालं नाही, तर ही जोडी ओळखूच येत नाही.

या फंक्शनचं उत्तर ‘शोधनाव’ अशा वेगळ्या रकान्यात ठेवा. माणसाने लिहून दिलेलं मूळ नाव जसंच्या तसं राहू द्या, छापताना तेच वापरा. शोधपेटीतला मजकूरही याच फंक्शनमधून जाऊ द्या. हीच चार ओळींची दुरुस्ती पाच फाइलींत चिकटवली, तर एक फाइल विसरली जाणारच.

४. टेस्ट लिहा

‘कऱ्हाडे’ तिन्ही प्रकारे लिहिलं तरी शोधनाव एकच यावं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची वेगळी यावीत. आलेलं उत्तर पुन्हा त्याच फंक्शनला दिलं तर बदलू नये. शेवटची टेस्ट लोक हमखास गाळतात.

५. जुनी माहिती

बॅकअप घ्या, जुन्या सगळ्या नोंदींची शोधनावं भरा आणि एकाच शोधनावाच्या नोंदींची यादी काढा. त्या आपोआप जोडू नका. एका घरात त्याच नावाचे आजोबा आणि नातू असू शकतात. यादी काउंटरवरच्या माणसाच्या हाती द्या. पत्ता आणि फोन नंबर पाहून कुठलं खातं बंद करायचं, ते तोच सांगेल.