धर्मसंस्थेच्या कॉलेजात तक्रार आली की हमखास होणाऱ्या चुका

गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या कॉलेजांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून बसते. त्यांतली तीन कॉलेजं धर्मसंस्थांची, तीन वेगळ्या धर्मांची. कोणत्या ते सांगत नाही. सांगून फरकही पडत नाही, कारण पहिल्या बैठकीतलं पहिलं वाक्य तिन्हीकडे तेच होतं: ‘मॅडम, संस्थेचं नाव खराब व्हायला नको.’

तक्रार करणारी एक पक्ष, ज्याच्यावर तक्रार आहे तो दुसरा. संस्थेचं नाव हा तिसरा पक्ष कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नाही आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या विनियमांतही नाही. तरी टेबलाशी सगळ्यांत मोठी खुर्ची त्याचीच असते.

‘माफ करून टाक, बाळ’

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिल्या भेटीतच विचारते, ‘मुलीशी आधी कोण कोण बोललं?’ आणि नावं लिहून घेते. नावं लिहायला घेतली की खोलीत एकदम शांतता पसरते.

एका कॉलेजातली गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने एका सरांबद्दल वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलं. बाईंनी प्राचार्यांना सांगितलं, प्राचार्यांनी विश्वस्तांना, आणि समितीकडे जायच्या ऐवजी विषय गेला संस्थेतल्या ज्येष्ठ धर्मगुरूंकडे. मुलीच्या घरची दोन पिढ्यांची श्रद्धा. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. मनात राग ठेवू नये, क्षमेसारखं पुण्य नाही, असं बरंच समजावलं. सर रडले. मुलीने ‘माझा गैरसमज झाला होता’ अशा मजकुराच्या कागदावर सही केली. धर्मगुरूंचा हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांनी एक भांडण मिटवलं होतं.

पुढे त्याच सरांकडे तिचं प्रॅक्टिकल आलं. गुण त्यांच्या हातात. त्यानंतर तिने लेखी तक्रार दिली, तेव्हा तक्रार देण्याची तीन महिन्यांची मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. लेखी कारणं नोंदवून समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. आम्ही वाढवली, पण त्यावरही वाद झाला. मग पहिल्याच सुनावणीत सरांनी खिशातून तो कागद काढला. दोन अख्ख्या बैठका आम्ही त्या एका कागदावर घालवल्या.

ती बैठक सरांच्याही गळ्याशी आली. त्या खोलीतल्या रडण्याला कॉलेजभर ‘कबुली’ म्हटलं जात होतं. बोलावून धर्मगुरूंसमोर बसवलेला माणूस कशाकशाने रडेल, त्याला कबुली कशी म्हणायची? शेवटी काही आरोप सिद्ध झाले, एक झाला नाही. त्या बैठकीत काय झालं यावर आम्ही एका अक्षराचाही निष्कर्ष काढला नाही, आणि तसं अहवालात लिहिलं.

कायद्यात समेटाला जागा आहे. फक्त तो तक्रारदार बाईने स्वतः मागितला पाहिजे, चौकशी सुरू होण्याआधी मागितला पाहिजे, समितीमार्फत झाला पाहिजे, आणि पैसे देऊन तर मुळीच नाही. धर्मगुरू, पालक संघाचे अध्यक्ष, ‘दोघांच्याही ओळखीचे’ काका यांचं त्यात काम नाही. क्षमा करायची की नाही हे ती नंतर, हवं तेव्हा, हव्या त्या देवासमोर ठरवेल.

आणि तक्रार आली त्याच दिवशी पाहायचं की तिचे पेपर कोण तपासतो, प्रॅक्टिकल कोण घेतो. तक्रार ज्याच्यावर आहे त्याला तिच्या मूल्यमापनापासून दूर ठेवायची शिफारस समिती करू शकते. एका पत्राचं काम आहे. ‘त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल’ म्हणून हे पत्र लांबवणाऱ्यांना मी एवढंच विचारते: गुण कमी पडले तर तिला काय वाटेल, आणि जास्त पडले तर बाकीच्यांना?

पत्रक काढायची घाई

बाहेर कुजबुज सुरू झाली की विश्वस्त मंडळाला पत्रक काढायची हुक्की येते. पत्रकं दोनच प्रकारची असतात. एक: ‘आरोप निराधार असून संस्थेच्या बदनामीचा कट आहे.’ दुसरं: ‘दोषींची गय केली जाणार नाही.’ पहिल्याने मुलीला खोटं ठरवलं, दुसऱ्याने सरांना दोषी. चौकशीचा पहिला कागदही अजून हलला नाही! मग समितीचा निष्कर्ष उलटा आला की तेच विश्वस्त आमच्याकडे ‘भाषा जरा सौम्य करा’ म्हणत येतात.

एका कॉलेजात सूचना फलकावर लागलं होतं, ‘अमुक विषयाच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने’. नाव नाही म्हणून सगळे निर्धास्त. त्या वर्गात मुली चार होत्या.

कायद्याचं कलम १६ स्पष्ट आहे. तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीचं कामकाज, शिफारशी, कारवाई, यातलं काहीही लोकांना किंवा माध्यमांना सांगायचं नाही. पण त्याच कलमात एक खिडकी ठेवली आहे: कोणाचीही ओळख न देता, न्याय मिळाला एवढी माहिती देता येते. बहुतेक संस्था पहिला भाग पाठ करतात आणि खिडकी विसरतात. गोपनीयतेचं कलम पुढे करून वर्षानुवर्षं तोंड न उघडणं हा सोयीचा अर्थ झाला.

माझी सवय अशी की कुजबुज नसेल तर काहीच बोलू नये. चर्चा बाहेर गेलीच असेल तर तीन ओळी पुरतात, आणि त्या मी समिती नेमली जाते तेव्हाच, कोणतीही तक्रार नसताना, लिहून फाइलला लावून ठेवते: ‘महाविद्यालयात आलेली प्रत्येक तक्रार अंतर्गत समितीकडे दिली जाते. समितीचं काम पूर्ण होईपर्यंत महाविद्यालय कोणाच्याही बाजूने वा विरुद्ध बोलणार नाही. ज्यांना काही सांगायचं आहे त्यांनी समितीला भेटावं.’ खाली समितीचा फोन आणि ईमेल. संतापाच्या भरात लिहिलेलं पत्रक आणि शांतपणे लिहिलेलं पत्रक यांतला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो.

उलट टोकाची चूक पाहायची तर टेक्सासातलं बेलर विद्यापीठ पाहा, बॅप्टिस्ट परंपरेचं. बाहेरच्या वकिलांच्या फर्मकडून चौकशी करून घेतली. मे २०१६ मध्ये विद्यापीठाने निष्कर्षांची तेरा पानं जाहीर केली, अध्यक्षांना पदावरून हटवलं, फुटबॉल प्रशिक्षक गेले. तरी लोकांचं समाधान झालं नाही, कारण फर्मने विश्वस्तांना सगळं तोंडी सांगितलं होतं, पूर्ण लेखी अहवाल झालाच नाही. मग तेरा पानांच्या मागे काय आहे हा प्रश्न विद्यापीठाला चिकटला तो चिकटलाच. इथे मी नव्या सदस्यांना दम देते: फोनवर ठरवलेलं काही ठरलेलं नसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मान्य’ म्हणून अंगठा दाखवणं म्हणजे इतिवृत्त नव्हे.

थोडक्यात आवरण्यासारख्या

‘आम्ही अल्पसंख्याक संस्था, आम्हाला हे लागू नाही.’ लागू आहे. कायद्याच्या व्याख्येत न्यास येतो, सोसायटी येते, शैक्षणिक संस्था येते.

‘ते आमच्या पगारावर नाहीत, सेवा म्हणून येतात.’ मानधन न घेता स्वेच्छेने काम करणाराही कायद्याच्या दृष्टीने कर्मचारीच. प्रवचनाला येणारे पाहुणे, वसतिगृहातले सेवेकरी, सगळ्यांना हे सांगून ठेवा.

प्राचार्य समितीवर. विभागप्रमुख समितीवर. यूजीसीचे विनियम अशा पदांवरच्या माणसांना समितीवर घेऊच देत नाहीत, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी लागतात. ‘मुलांना कशाला यात ओढायचं’ हे कारण मी ऐकून घेते आणि मग नियम वाचून दाखवते.

ज्युनिअर कॉलेज त्याच आवारात असतं हे विसरणं. ही छोटी चूक नाही, पण उत्तर मात्र छोटं आहे. लैंगिक अत्याचाराची तक्रार असलेली मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर समितीच्या बैठकीची वाट पाहायची नाही. पोक्सोप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर त्याला शिक्षेची तरतूद आहे. ‘आधी आपण खात्री करू’ म्हणणाऱ्याने ती खात्री तुरुंगात बसून करावी.

प्रकरणाला धर्माचा रंग देणं. संस्थाही देते (‘आमच्या धर्मावर हल्ला’), बाहेरचेही देतात. २०१९ मध्ये एका ख्रिस्ती कॉलेजच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालातच ख्रिस्ती संस्थांमधल्या सहशिक्षणावर सरसकट शेरा आला होता, तो नंतर वगळावा लागला. न्यायाधीशांचा तोल जातो तिथे विश्वस्तांनी तर जिभेला गाठच मारावी.

‘दोन दिवसांत निकाल लावू’

नवीन सदस्यांचा हा उत्साह मला सगळ्यांत जास्त घाबरवतो. मुलीच्या बाजूने मन पेटलेलं असतं, ते समजतं. पण गोवा विद्यापीठाचं प्रकरण त्यांना मी वाचायला लावते. २००९ च्या तक्रारी. एका विभागप्रमुखावर चौकशी झाली, बडतर्फी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती रद्द केली, कारण समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या, बचावाची नीट संधी दिली नाही. प्रकरण परत समितीकडे, २००९ मध्ये होतं त्या टप्प्यावर. चौदा वर्षं! तक्रारदार मुलींना यात काय मिळालं?

तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला द्यायची, उत्तराला दहा दिवस. तो म्हणाला ‘नको, मी तोंडीच सांगतो’ तरी द्यायची आणि पोच घ्यायची. चौकशीला नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. ते नऊही करू नयेत आणि नऊशेही. मी दोन्ही पक्षांच्या पोचपावत्या फाइलच्या वरच ठेवते, कारण पुढे कोर्टात सगळ्यांत आधी त्याच मागतात.

आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती, असं धरून मुलीला नोटीस काढायची नाही. मुद्दाम, दुष्ट हेतूने केली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. पुरावा अपुरा पडला एवढ्याने कारवाई होत नाही, असं कायदा स्वतःच सांगतो. त्याचप्रमाणे, आरोप सिद्ध न झालेल्या सरांना ‘संशयाचा फायदा दिला’ असं सूचना फलकावर लावायचं नाही.

अहवालाची प्रत दोघांनाही द्यायची असते, चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकरणात त्यापुढे तीस दिवसांत संस्थेची कारवाई, मध्ये कोणी अपील केलं नाही तर. वर सांगितलेल्या प्रकरणात आम्ही अहवाल दिला आणि निर्धास्त झालो, हा माझा दोष. सरांची बदली झाल्याचं त्या मुलीला कॅन्टीनमध्ये, तिसऱ्याच कोणाकडून कळलं. तेव्हापासून मी अहवाल तीन पाकिटांत, दोन्ही पक्षांसाठी आणि संस्थेसाठी, घालून नेते, आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय कॉलेजच्या फाटकाबाहेर पडत नाही.