हॅड्रियनची भिंत कॅमेऱ्यात टिपताय? या चुका टाळा

मी न्यूकॅसलला राहते, त्यामुळे इंग्लंडात शिकायला, नोकरीला किंवा सुट्टीत फिरायला आलेली आपली मंडळी हॅड्रियनच्या भिंतीवर, म्हणजे रोमन सम्राट हॅड्रियनने उत्तर इंग्लंडात बांधून घेतलेल्या भिंतीवर, जाऊन आली की फोटो हमखास माझ्याकडे येतात. कॅमेरे उत्तम असतात, हौसही दांडगी असते. चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच.

सूर्य कुठून येणार हे न बघता निघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. इ.स. १२२ मध्ये काम सुरू झालेली ही भिंत टाइन नदीकाठच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला बोनेस-ऑन-सॉल्वेपर्यंत ११७ किलोमीटर जायची, म्हणजे ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. मधल्या टप्प्यात ती व्हिन सिल नावाच्या, डोलेराइट या कठीण खडकाच्या कड्यावर चढते. कड्याची तुटलेली बाजू उत्तरेला आहे. रोमनांना हवी होती तशीच, उत्तरेकडून येणाऱ्याची वाट अडवणारी. पण फोटोला ज्या कड्यांमुळे जोर येतो तेच कडे उत्तरेकडे तोंड करून उभे आहेत, आणि हिवाळ्यात तिकडे ऊन फिरकत नाही.

आपली सवय सह्याद्रीतली असते. पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. हॅड्रियनची भिंत ५५ अक्षांशावर आहे. तिथे त्याच दिवशी तो जेमतेम १२ अंशांवर येतो. साडेआठच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, पावणेचारच्या आत नैर्ऋत्येला मावळतो. जूनमध्ये सगळं उलटं: पहाटे साडेचारला ईशान्येला उगवून रात्री पावणेदहानंतर वायव्येला मावळतो. म्हणजे कड्यांच्या तोंडावर सोनेरी ऊन हवं असेल तर ते उन्हाळ्यातल्या पहाटे किंवा उशिराच्या संध्याकाळी मिळतं.

नाताळच्या सुट्टीत लंडनहून आलेल्या एका तरुणाची गोष्ट सांगते. मास्टर्स करत होता, नवीन फुल-फ्रेम कॅमेरा घेतलेला. मोबाइलमध्ये स्टील रिग या भिंतीजवळच्या जागेवरून काढलेला एक फोटो जपून ठेवला होता: पील क्रॅग्जचे कडे केशरी उजळलेले, वरून वळसे घेत जाणारी भिंत, मागे क्रॅग लॉख तळ्याचं पाणी. हाच फोटो त्याला हवा होता. मी सांगितलं की हे जूनमधलं रात्री नऊचं ऊन आहे, आज मिळणार नाही. त्याला वाटलं, मी त्याचा उत्साह घालवतेय. आधी झोप पूर्ण केली, मग निवांत नाश्ता, आणि स्टील रिगला पोचेपर्यंत एक वाजला. दक्षिणेकडचं गवत लखलखत होतं आणि कडे कोळशासारखे काळे. त्याने एचडीआरसाठी, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करण्यासाठी, पाच-पाच एक्सपोजर घेतली. लॅपटॉपवर सावल्या उचलल्या तेव्हा कड्यांच्या जागी करडा, दाणेदार चिखल दिसायला लागला.

दोन वाजता मी म्हटलं, चल, कॉफिल्ड्सला जाऊ. तिथे भिंतीच्या दक्षिणेला व्हॅलम आहे, म्हणजे रोमनांनी खणलेला रुंद चर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध. उन्हाळ्यात दुपारी ते नुसतं हिरवं कुरण दिसतं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन पडलं की एकेका बांधाची सावली लांबच लांब पसरते आणि रोमनांनी ओढलेली सरळ रेघ शेतांमधून धावताना दिसते. तो म्हणाला, "पण ताई, यात भिंत कुठे आहे? मी गोल्डन अवरची वाट बघतो." साडेतीनला सूर्य डोंगरामागे गेला. कडे सकाळपासून काळे होते, तसेच राहिले. त्या दिवशीचा फोटो व्हॅलमचा होता आणि तो त्याने काढलाच नाही.

माझा शिरस्ता असा: जून-जुलैत रात्रीचं जेवण लवकर उरकून आठपर्यंत स्टील रिगला. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्य जवळपास पश्चिमेला मावळतो, ऊन भिंतीच्या लांबीवरून सरपटत येतं आणि दगडन् दगड सुटा दिसतो. तेव्हा हाउसस्टेड्स या रोमन किल्ल्याच्या पश्चिमेला कडीज क्रॅग्जवरून पूर्वेकडे बघायचं. हिवाळ्यात कड्यांकडे पाठ करायची. सूर्याची दिशा दाखवणारी ॲप्स आहेत, निघण्याआधी पाच मिनिटं लागतात. एवढीही सवड नसलेल्यांना मी हल्ली सल्ला देत नाही.

"थोडी उंची मिळावी म्हणून" भिंतीवर चढणं

याबाबतीत माझ्याकडे कसलीच सवलत नाही. ही भिंत १९८७ पासून जागतिक वारसा आहे, पण नियम बाजूला ठेवला तरी कारण समोर दिसतं. जवळ जाऊन वरचा थर बघा. मधल्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी दगडांमध्ये चुना नाहीच, दगडावर नुसता दगड ठेवलाय आणि माथ्यावर गवत वाढलंय. न्यूकॅसलचे टाउन क्लार्क जॉन क्लेटन यांनी १९ व्या शतकात इथली शेतं एकेक करून विकत घेतली आणि पडलेले दगड पुन्हा रचून घेतले. लोक दगड उचलून नेत होते ते त्यामुळे थांबलं. अशा रचाईवर ट्रायपॉडचा एक पाय टेकला, त्यावर कुणी वजन टाकलं, की कडेचा दगड हलतो. हललेल्या फटीत पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं, आणि पुढच्या वर्षी तिथे खिंडार असतं.

त्याहून वाईट वाटतं ते हे की चढून मिळत काहीच नाही. भिंत आता बहुतेक ठिकाणी छातीएवढी किंवा त्याहून कमी उरली आहे. वर चढलात की ती फोटोतून गायब होते आणि पायाखालचा गवताचा पट्टा तेवढा येतो. उंची हवी असेल तर पुढच्या टेकाडावर चाला. इथला भूभाग सतत खाली-वर होतो, विनशील्ड्स तर ३४५ मीटरवर आहे. हाउसस्टेड्सशेजारच्या झाडीत वाट स्वतःच भिंतीच्या माथ्यावरून जाते, तेवढा एक तुकडा अपवाद. बाकी भिंत ओलांडायला फाटकं आणि शिड्या आहेत. दहा पावलं वाचवायला उडी मारणाऱ्याने लक्षात घ्यावं की पलीकडे कुणाची तरी मेंढरं चरत असतात आणि वसंतात त्यांची कोकरं नुकती जन्मलेली असतात.

वाइड लेन्सवर भिस्त ठेवणं

१६ मिलिमीटरवर मागची टेकाडं चपटी होतात आणि भिंत दोऱ्याएवढी दिसते. ७०-२०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स घ्या, दूर उभे राहा. एकामागे एक टेकाडं जवळ येतात आणि भिंत त्यांवरून चढत-उतरत जाते.

गेलेल्या झाडाचा फोटो शोधत जाणं

सिकमोर गॅप या भिंतीवरच्या खिंडीत एकटं उभं असलेलं प्रसिद्ध सिकमोर झाड २८ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी कापलं गेलं. अजूनही लोक जुना फोटो घेऊन येतात आणि हळहळून पाच मिनिटांत परततात. काही जण घरी जाऊन झाड संगणकावर चिकटवतात, ते मला अजिबात पटत नाही. खिंडीचा तो खोलगट बाक आजही तितकाच रेखीव आहे. खोडाला २०२४ मध्ये नवे धुमारे फुटले. आहे ते टिपा, तारीख लिहा. पुढच्या पिढीला याच फोटोंची गरज पडेल.

बाकीच्या चुका थोडक्यात:

कड्यावर वारा कायम असतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. बॅग त्याला लटकवली तर ती झोके घेऊन आणखी हलवते, म्हणून जमिनीवर ठेवा.

ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे वरचा अर्धा भाग गडद असलेली काच, कड्याच्या माथ्यावरून आडवा लावला की आकाशाबरोबर टेकाडही काळं पडतं. त्यापेक्षा दोन एक्सपोजर घ्या.

पाऊस दिसला की गाडीत पळू नका. सर येऊन गेल्यावरची दहा मिनिटं इथली सर्वोत्तम असतात. लेन्सला हुड आणि खिशात दोन कोरडी फडकी, इतकं पुरतं.

बोनेसला उंच दगडी भिंत शोधू नका, ती तिथे दिसत नाही. पूर्वेकडच्या बऱ्याच भागात १८ व्या शतकातला लष्करी रस्ता भिंतीच्याच पायावर बांधलाय. वेळ थोडा असेल तर हाउसस्टेड्स ते वॉलटाउन एवढाच पट्टा धरा.

तोच रस्ता आज बी ६३१८ आहे. सरळ आहे, गाड्या वेगात येतात. फोटोसाठी कडेला गाडी थांबवू नका, पार्किंगचे पैसे भरा.

ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका. मधला बराच भाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचा आहे आणि ते चालू देत नाहीत.

आणि फोटोखाली "इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा" लिहू नका. भिंत संपूर्ण इंग्लंडातच आहे.