नदीत गरवताना दोरा तुटू नये आणि गरी-शिसं पाण्यात राहू नये म्हणून

गोव्यातल्या मांडवी, झुआरी, शापोरा किंवा साळ, कुठल्याही नदीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, गेलात तरी दोरा तुटायच्या जागा ठरलेल्या असतात: गरीची (गळाच्या आकड्याची) गाठ, गरीच्या वरचा हातभर दोरा आणि रॉडच्या टोकाची कडी. चांगला दोरा केवळ माशाच्या ताकदीने मधेच तुटणं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा दोरा आधीच कुठेतरी घासून कच्चा झालेला असतो आणि मासा फक्त शेवटचा झटका देतो. म्हणून या तीन जागा सांभाळायच्या, आणि तरीही अडकलंच तर सगळ्यात स्वस्त वस्तू तुटेल अशी बांधणी करायची.

आधी सुकतीला जागा बघून या

अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात खाली जातं. त्या सुकतीला गळ न घेता नुसतं जाऊन या. जांभ्या दगडाचे बांध, खाजनाच्या (बांध घातलेल्या खारजमिनीच्या) मानशीजवळची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळची जुनी लाकडं, जाळ्यांसाठी ठोकलेले खुंट, खारफुटीची मुळं हे सगळं तेव्हा उघडं पडतं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. भरती भरल्यावर तीच जागा सपाट दिसते, आणि फोटो नसेल तर गरी नेमकी खुंटावर जाते.

पुलाच्या खांबांवर आणि धक्क्यांच्या भिंतींवर कालवं चिकटलेली असतात. त्यांची कड ब्लेडसारखी लागते; ताणलेला दोरा तिला नुसता टेकला तरी कापला जातो. अशा ठिकाणी खांबापासून थोडं दूर गरी टाका.

दोरा आणि लीडर

तळ साफ, वाळूचा असेल तर तंगुसाचा (नायलॉनचा एकपदरी) साधा दोरा पुरतो. खारफुटी आणि दगडांत २० पाउंडांचा, म्हणजे सुमारे ९ किलो ताकदीचा ब्रेडेड (विणलेला) दोरा बरा, कारण तो ताणला जात नाही आणि मासा मुळांत शिरायच्या आत वळवता येतो. पण ब्रेडेड दोरा घर्षणाला फार कमजोर असतो. तो थेट गरीला बांधू नका. पुढे ४० ते ५० पाउंडांचा, साधारण एक मीटर लांबीचा जाड तंगुसाचा किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे मुख्य दोरा आणि गरी यांच्यातला तुकडा, हवाच. चोणक माशाच्या कल्ल्यांच्या झाकणांना धार असते. तांबसो गरी घेतल्या घेतल्या दगडाकडे धावतो. दोघांच्याही वेळी घासला जातो तो लीडरच.

ब्रेडेड दोरा आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ सोपी आहे. ब्रेडेड दोऱ्याच्या बाजूने ८ वेढे, लीडरच्या बाजूने ४ किंवा ५. ब्रेडेड दोरा गुळगुळीत असतो, वेढे कमी पडले की गाठ सरकते.

गरीची गाठ

साध्या गाठीने दोऱ्याची ताकद जवळपास निम्मी होते. पालोमार गाठ शिकून घ्या, अंधारातही ती बांधता येते:

१. दोऱ्याचं टोक १५ सेंटिमीटर दुमडून तो दुहेरी फास गरीच्या डोळ्यातून काढा.
२. त्या दुहेरी दोऱ्याची सैल साधी गाठ मारा. गरी खाली लोंबत राहू द्या.
३. फास मोठा करून गरी त्यातून संपूर्ण बाहेर काढा.
४. गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा आणि दोन्ही दोरे एकत्र धरून सावकाश आवळा.
५. टोक ३ मिलिमीटर ठेवून कापा.

चौथी पायरी बरेच जण गाळतात. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तंगूस तिथेच कच्चा होतो. आवळलेल्या गाठीजवळचा दोरा वळ्या पडलेला किंवा पांढुरका दिसला तर गाठ कापून पुन्हा बांधा. तशीच पाण्यात टाकू नका.

शिशासाठी कच्चा दोरा

दगडांत अडकतं ते बहुधा शिसं, म्हणजे दोरा बुडवणारं वजन. गरी त्याच्याबरोबर उगीच जाते. त्यावर उपाय असा: तीन कड्यांचं स्विवेल (गरगर फिरणारा जोड) घ्या. एका कडीला मुख्य दोरा, दुसरीला गरीचा लीडर आणि तिसरीला शिसं. शिसं मात्र ८ पाउंडांच्या जुन्या-पुराण्या तंगुसावर, ३० ते ४० सेंटिमीटर लांब बांधा. शिसं अडकलं की जोर लावल्यावर हा बारीक दोरा तुटतो आणि गरी, लीडर, मासा सगळं वर येतं. मात्र जोरात फेकू नका, फेकण्याच्या झटक्यानेच हा दोरा तुटू शकतो. शिशाऐवजी पिशवीत बांधलेला गोटा वापरला तर खर्चही नाही आणि नदीत विषारी धातूही जात नाही.

ड्रॅग हाताने नाही, काट्याने लावा

ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक, मासा जोरात ओढू लागला की तो दोरा सुटू देतो. घरी वजनकाट्याला दोरा बांधून रॉड उचला. २० पाउंडांच्या दोऱ्याला काट्यावर सव्वादोन ते अडीच किलो दिसताना रीळ सुटायला हवं. अंदाजाने घट्ट केलेला ड्रॅग बहुतेकदा याच्या दुप्पट असतो. खुंटांच्या जागी थोडा जास्त घट्ट ठेवणं चालतं, पण तेव्हा दोराही जाड हवा.

अडकलं तर

रॉड वर करून झटके मारणं सगळ्यात वाईट. त्याने गरी आणखी खोल रुतते आणि रॉडही मोडतो. आधी दोरा पूर्ण सैल सोडा आणि मिनिटभर थांबा. प्रवाह सैल दोऱ्याच्या फासाला मागून ओढतो आणि पुष्कळदा गरी आपोआप सुटते. नाही सुटली तर काठाने प्रवाहाच्या वरच्या बाजूला जाऊन उलट दिशेने ओढा, कारण गरी ज्या बाजूने आत गेली त्याच बाजूने बाहेर येते. तेही जमलं नाही तर दोरा ताणून धरा, बोटाने छेडा आणि एकदम सोडा.

शेवटी तोडायचाच झाला तर रॉड दोऱ्याच्या सरळ रेषेत धरा, तोंड बाजूला फिरवा आणि मागे चालत जा. शिसं सुटून डोळ्यावर येऊ शकतं. ब्रेडेड दोरा हाताला कधीच गुंडाळू नका, बोट कापतो. काठीला दोन-चार वेढे देऊन ओढा. गरी सोडवायला पाण्यात उतरणं टाळा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे तर गुडघाभर पाण्यातही नको. तुटलेला दोरा हाती येईल तेवढा घरी आणा. खारफुटीत लोंबकळणाऱ्या तंगुसात बगळे आणि खंड्या अडकून मरतात.

घरी आल्यावर

खालचा एक मीटर दोरा बोटांमधून ओढून बघा, खरखर लागली तर कापून टाका. रॉडच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे आणि ती बदलायला हवी. रीळ आणि कड्या गोड्या पाण्याने हलकेच धुवा, उन्हात वाळवू नका, कारण उन्हाने तंगूस ठिसूळ होतो. दोरा रिळाच्या काठापासून २ मिलिमीटर खालपर्यंतच भरा, जास्त भरला तर फेकताना गुंता होतो. ठेवताना ड्रॅग सैल सोडा, नाहीतर आतल्या चकत्या दबून पुढच्या वेळी तो अडखळत सुटतो.