मीटर बदलताय? जुना आकडा जपा
बाईकचा मीटर काढण्याआधी जुन्या रीडिंगचा फोटो घ्या, बिलावर तारखेसह तो आकडा लिहून घ्या. माझा जुना मीटर 43,218 वर गेला, नवा शून्यापासून सुरू झाला. तो आकडा सीटखाली मार्करने लिहिलाय. ऑइल बदलताना त्यात नवं रीडिंग मिळवायचं, झालं.

खरी गोची वेगळीच. केबलवाला मीटर दुसऱ्या मॉडेलचा बसवला, तर आकडा पळतो नाहीतर रेंगाळतो. हायवेवर किलोमीटरचे दगड बघत 10 किलोमीटर जा. मीटरने 11 दाखवले, तर त्याचे 110 म्हणजे खरे 100. ॲव्हरेज अचानक वाढलं म्हणून लगेच खूश होऊ नका! गाडी विकताना ते बिल घेणाऱ्याच्या हातात द्या.